एकाच घरात दोघींचं रक्त कमी : एकच टॉनिक चालेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचताना इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पत्नी ३६ वर्षांच्या, गारमेंटमध्ये शाळेचे गणवेश शिवतात, हिमोग्लोबिन ८.४. आई ६३ वर्षांच्या, शुगरची गोळी बरीच वर्षं चालू, घरी पूर्ण शाकाहार, हिमोग्लोबिन ८.६. दोघींनाही ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगण्यात आलं. मग मेडिकलमधून लाल टॉनिक आणलं, एकाच बाटलीतून दोघी घेतात, जोडीला बीट आणि डाळिंबाचा रस. दोन महिने झाले तरी आकडा हलत नाही. तेव्हा हेच टॉनिक दोघींना चालतं का, की सरळ रक्त चढवून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता स्वतःचंही लिहिलंय, की यंत्रमागाच्या कारखान्यात शिबिर होतं, तिथे तपासलं, १२.१ निघालं, ‘माझं काय, ठीकच आहे’. त्यावर शेवटी येते, कारण मला ते ठीक वाटत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, इथेच सोलापुरात लॅब चालवते. औषधाचा डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. पण रिपोर्टवरचे आकडे वाचून रोग कुठल्या वाटेने आलाय याचा अंदाज बांधणं हे माझं रोजचंच आहे, आणि तुम्ही दोन्ही सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, पूर्ण लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसतं हिमोग्लोबिन कळवलं असतं तर मला काहीच सांगता आलं नसतं.

औषधाचं नंतर बघू. दोघींचे आकडे जवळपास सारखे आहेत हा निव्वळ योगायोग आहे. रिपोर्ट बघता दोघींचे आजार वेगळे दिसतात, इतके वेगळे की एकीचं औषध दुसरीला देत राहिलं तर नुकसान होऊ शकतं.

मुळात ‘रक्त कमी’ म्हणजे काय? रक्ताचं लिटरमधलं माप सहसा कमी झालेलं नसतं. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं, आणि ते कमी झालेलं असतं. बीपी लो असणं हा अगदी वेगळा विषय आहे, तरी आमच्याकडे येणाऱ्या बायका ‘मॅडम, बीपी लो आहे म्हणून रक्त तपासायला सांगितलंय’ असंच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने समुद्रसपाटीला राहणाऱ्या प्रौढ पुरुषात १३ पेक्षा कमी (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम), गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ पेक्षा कमी आणि गरोदर स्त्रीत साधारण ११ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. स्त्री गरोदर नसेल तर ८ च्या खाली तो तीव्र समजतात आणि ८ ते १०.९ हा मध्यम. तुमच्या घरातल्या दोघीही मध्यम गटात, पण काठावर.

आता कारणांकडे. सोलापूरकराला टाकीचं गणित शिकवायला नको. टाकीत पाणी कमी दिसलं तर एक तर वरून येतच कमी आहे, नाहीतर कुठेतरी गळतंय, नाहीतर आलेलं पाणी भलत्याच वेगाने संपतंय. ॲनिमियाची सगळी कारणं या तीन खणांत बसतात. लाल पेशी बनतच नाहीत, कारण लोह, बी-१२ किंवा फोलिक ॲसिड नाही, किंवा किडनीकडून हाडांतल्या मगजाला निरोप जात नाही, किंवा मगजच आजारी आहे. दुसरं, रक्त बाहेर जातंय : पाळीतून, मूळव्याधीतून, जठरातल्या जखमेतून. तिसरं, बनलेल्या पेशी वेळेआधी फुटतात. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं, ते काही आनुवंशिक आजारांत, मलेरियात, क्वचित औषधांमुळे फारच कमी होतं. एकाच माणसात दोन कारणं एकत्र असणंही नवीन नाही.

हे झालं कारणावरून केलेलं वर्गीकरण. पण लॅबमध्ये आम्ही सुरुवात पेशीच्या आकारावरून करतो, कारण तो मशीन लगेच सांगतं. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाची ओळ असते, तो लाल पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० म्हणजे पेशी नेहमीच्या आकाराच्या, ८० च्या खाली लहान, १०० च्या वर मोठ्या. माझ्या मते हिमोग्लोबिनइतकीच ही ओळ महत्त्वाची, आणि घरी नेमकी तीच कोणी वाचत नाही.

पत्नींचा एमसीव्ही ६८. आईंचा ११२. एकाच बाटलीने दोघींचं भागणार नाही, ते इथेच कळतं.

पत्नींचं आधी घेऊ. एमसीव्ही ६८, आरडीडब्ल्यू १९, लाल पेशींची संख्या ३.९ दशलक्ष. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे त्याचं माप, ते वाढलेलं आहे. लहान पेशी दिसल्या की आपल्याकडे दोन गोष्टी मनात येतात, लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातला सौम्य आनुवंशिक दोष. दोन्ही वेगळ्या ओळखायची एक जुनी, अंदाजे युक्ती आहे : एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचं. ६८ भागिले ३.९ म्हणजे सतराच्या वर. तेराच्या वर आलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. ही युक्ती अधूनमधून चुकते, म्हणून पुढे फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून खात्री करायची. पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षाही बोलकी वाटली. ‘तांदूळ निवडताना मूठ मूठ कच्चे खाते, ओरडलं तरी ऐकत नाही’ असं तुम्ही जरा वैतागूनच लिहिलंय. त्यांना ओरडू नका. कच्चे तांदूळ, पाटीची पेन्सिल, भाजकी माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असतं. बायका ते लाजेपोटी सांगत नाहीत. लोह भरून आलं की ही ओढ आपोआप जाते, आणि बऱ्याचदा हिमोग्लोबिन पुरतं वाढायच्या आधीच जाते.

अशा रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते ते सांगते. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतलं एक थेंब रक्त काचेवर पसरून वाळवतात, लेशमनचा रंग देतात. निरोगी लाल पेशी गुलाबी चकतीसारखी दिसते आणि तिच्या मध्यभागी साधारण एक तृतीयांश भाग फिकट असतो. लोह नसलेल्या पेशीत हा फिकट भाग पसरत पसरत कडेपर्यंत जातो, उरते ती नुसती बारीक गुलाबी कडा. मध्येच काही पेशी लांबट, पेन्सिलीसारख्या. पट्टी नुसती हातात धरून उजेडात पाहिली तरी जुन्या तंत्रज्ञांना ती फिकी कळते.

बरं, लोह कमी आहे हे समजलं. पण छत्तीस वर्षांच्या बाईच्या अंगातलं लोह गेलं कुठे? इथे तुमच्या प्रश्नात एक मोठी जागा रिकामी आहे, तुम्ही पाळीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. कदाचित विचारलंच नसेल. विचारा, किंवा त्यांना स्वतःला उत्तर लिहू द्या. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव होतो का, तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का, तांबी बसवलेली आहे का. ‘पाळी नॉर्मल आहे’ या उत्तरावर जाऊ नका. ज्या बाईची पाळी पहिल्यापासून जड, तिच्या लेखी तेच नॉर्मल.

गणित करून बघा. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. नेहमीच्या पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर जड पाळी. समजा १२० गेलं, तर ६० मिलिग्रॅम लोह गेलं. शरीर अन्नातून रोज १ ते २ मिलिग्रॅमच लोह शोषतं, म्हणजे महिन्याचे फार तर ६०, आणि त्यातलं निम्मं तर रोजच्या साध्या झिजेलाच लागतं. तूट दर महिन्याला वाढत जाते. म्हणून टॉनिक महिनाभर घेतलं, थोडं वाढलं, बाटली संपली, परत खाली, हा खेळ वर्षानुवर्षं चालतो. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, असेल, थायरॉईड बिघडलेला असेल, तर त्याच्यावर इलाज होईपर्यंत हे थांबणार नाही. पत्नींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, सोनोग्राफी होईल, थायरॉईडची तपासणी होईल. पाळी खरोखर साधी असेल तर मग मूळव्याध, जंत, जठराचा त्रास, लोह शोषलंच न जाणं या दिशेने बघावं लागेल. शेतात अनवाणी वावरणाऱ्या बायकांमध्ये आकडेकृमी हे कारण अजूनही सापडतं.

आता फेरिटिनचे आकडे. १५ च्या खाली असेल तर साठा संपलेलाच, आणि प्रत्यक्षात ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर उपचार करतात. एक मेख मात्र आहे. अंगात ताप, सूज, संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. सर्दी-तापात केलेलं फेरिटिन ५० आलं म्हणून ‘लोह भरपूर आहे’ असं समजू नये.

टॉनिकबद्दल सांगायचं तर बाटली उलटी करून लेबलवर ‘एलिमेंटल आयर्न’ किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. कित्येक महागड्या टॉनिकच्या चमचाभर डोसात यापेक्षा पुष्कळ कमी भरतं. फुकटची गोळी म्हणजे कमी प्रतीची, हा समज आपल्या लोकांच्या डोक्यातून कसा काढावा मला कळत नाही. ती घेताना उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर अजिबात नाही. मळमळलं तर जेवणाबरोबर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी सुटणार तरी नाही. शौचाला काळसर होतं, त्याला घाबरू नका. एक दिवसाआड गोळी घेतल्यावर लोह अधिक चांगलं शोषलं जातं असं गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांत दिसलंय. ज्यांना रोज सोसत नाही त्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

चार आठवड्यांनी सीबीसी परत करायचं. हिमोग्लोबिन किमान एकाने वाढलेलं दिसायला हवं. नाही वाढलं, तर गोळी नीट घेतली जात नाही, शोषली जात नाही, रक्तस्राव चालूच आहे, किंवा निदान चुकलंय. पाचवं कारण मला माहीत नाही. आणि आकडा १२ वर गेला की गोळी बंद करायची नाही, साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात. पुष्कळ जणी इथेच गोळी सोडतात आणि वर्षभरात परत माझ्या खुर्चीत बाही वर करून बसलेल्या असतात.

आता आईंकडे. एमसीव्ही ११२, पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट १ लाख १० हजार. तिन्ही पेशी कमी आणि लाल पेशी मोठ्या. त्यात शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं, पूर्ण शाकाहार, आणि तुम्ही लिहिलंय की पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, जिभेची आग होते, तिखट चालत नाही. बी-१२ च्या कमतरतेचं इतकं पुरतं चित्र नेहमी मिळत नाही. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळतं, शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून जेमतेम मिळतं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की त्याचं शोषण कमी होतं, पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तेच. यकृतात साठा काही वर्षांचा असतो, म्हणून कमतरता हळूहळू, नकळत येते. पायाच्या मुंग्या ‘शुगरमुळे असणार’ म्हणून सोडून दिल्या जातात. शुगरमुळे असूही शकतील, दोन्हीमुळेही. पण बी-१२ चा भाग दुरुस्त करता येतो, आणि तो लवकर करावा लागतो.

या रक्ताची काचपट्टी अगदी निराळी. लाल पेशी मोठ्या, अंडाकृती, मध्ये फिकेपणा नाहीच. आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला नेहमी तीन-चार, फार तर पाच पाकळ्या असतात, इथे सहा-सहा, सात-सात दिसतात. असली एक पेशी दिसली तरी आम्ही पट्टी पुढे सरकवत दुसरी शोधतो.

अजून एक. बी-१२ कमी असताना मोठ्या पेशी हाडांच्या मगजातच फुटतात, त्यामुळे रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य थोडं वाढतं आणि डोळे पिवळसर दिसू शकतात. असे पेशंट गावाकडे काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन, पथ्य म्हणून दूध-दहीसुद्धा बंद करून आमच्याकडे येतात. म्हणजे बी-१२ चा उरलासुरला रस्ताही बंद. आईंचे डोळे पिवळे वाटले तर आधी सीबीसीचा कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

फोलिक ॲसिड कमी असलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात, आणि त्याचा शोध आपल्या महाराष्ट्रातल्या गिरण्यांपर्यंत येऊन भिडतो. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना मोठ्या पेशींचा जीवघेणा ॲनिमिया का होतो, याचा अभ्यास त्यांनी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून केला. यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रेडला लावायचं साधं मार्माइट, दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्या अर्कात काय होतं ते पुढे कळलं : फोलिक ॲसिड. गिरणगावच्या माणसाला हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

आणि इथेच तुमच्या सामाईक बाटलीचा धोका आहे. या टॉनिकमध्ये बहुतेक फोलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन काही अंशी सुधारतं, घरच्यांना बरं वाटतं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. ते फार पुढे गेलं तर चालताना तोल जाणं, विसरणं असे त्रास सुरू होतात, आणि ते पूर्ण भरून येतीलच असं नाही. त्यात टॉनिक गोड, आणि आई शुगरच्या पेशंट. आईंचं टॉनिक आजच बंद करा. शुगरची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

बी-१२ ची तपासणी इंजेक्शन सुरू करायच्या आधी करून घ्या. टॉनिकमध्ये थोडं बी-१२ असेल तर रिपोर्ट वरवर ठीक दिसू शकतो, म्हणून दोन महिने टॉनिक चालू होतं हे लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगाच. सोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, आणि थायरॉईड. शुगर जुनी असेल तर किडनीमुळेही हिमोग्लोबिन कमी होतं, पण त्यात पेशी साधारण नेहमीच्या आकाराच्या राहतात. बी-१२ सुरू झाल्यावर आठवडाभरात कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, वाढलेल्या दिसतात. तेवढ्यात दिसल्या नाहीत तर मगजाच्या इतर आजारांचा विचार करावा लागतो. तिन्ही पेशी कमी असल्यामुळे आईंना फिजिशियनच बघतील असं करा. खासगीत जमत नसेल तर सिव्हिलला मेडिसिनची ओपीडी आहे.

हे दोन्ही रिपोर्ट तुलनेने सरळ आहेत. सगळे असे नसतात. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलं की लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी होऊन एमसीव्ही ८८ येतो, कागदावर सगळं छान. तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यू आणि काचपट्टीच काय ते सांगतात. संधिवात, टीबी, जुनाट आजार यांत लोह अंगात असूनही वापरता येत नाही, तिथे गोळ्यांनी फरक पडत नाही. म्हणून सीबीसी करताना ‘पेरिफेरल स्मिअरही बघा’, म्हणजे काचपट्टीही बघा, असं सांगायला लाजू नका.

मोजण्याबद्दलही एक गोष्ट. शिबिरात बोट टोचून केलेली तपासणी आणि लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन केलेली तपासणी यांत एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडतो. बोट दाबून दाबून थेंब काढला तर पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तुलना करा. गेल्या वेळी ८.७ होतं, आता ८.४, म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

लक्षणांबद्दल तुम्ही विचारलंय की एवढं कमी असून दोघी कामं कशी करतात. हळूहळू कमी झालं की शरीर सवय करून घेतं, हृदय जास्त वेगाने पंप करतं. त्यामुळे जिना चढताना धाप, छातीत धडधड, भाकऱ्या थापताना हात गळून जाणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, केस गळणं, नखं चपटी किंवा खोलगट होणं, असं सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि बाई म्हणते ‘कामाचा शीण आहे’. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात तर थकवा कोणाला नसतो? उन्हाच्या नावावर सगळं खपून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असल्या की थकणं हाच बायकांचा स्वभाव वाटायला लागतो.

आता डाळिंब. सोलापुरात बसून डाळिंबाविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, आपल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन, सगळं मान्य. फळ उत्तमच आहे. पण १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. बीटमध्ये त्याहून थोडं जास्त. लाल रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. भारतीय बाईला रोज अन्नातून २९ मिलिग्रॅम लोह मिळावं अशी शिफारस आहे, पुरुषाला १९. रसाने हे भरत नाही, आणि आईंना तर रस नकोच, शुगर वाढेल. आपली ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी, शेंगाचटणी, हिरव्या पालेभाज्या, अळीव, तीळ यांत लोह पुष्कळ आहे, पण ते वनस्पतीतलं, सहज शोषलं न जाणारं. त्यावर लिंबू पिळा, सोबत पेरू किंवा आवळा घ्या, कडधान्यं मोड आणून खा, भाजी लोखंडी कढईत करा. आणि जेवणानंतर लगेच येणारा कपभर चहा तासभर पुढे ढकला. हा शेवटचा बदल फुकट आहे आणि घरोघरी सर्वांत अवघड जातो. मात्र हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असताना नुसत्या आहाराने ते भरून येईल, या आशेवर राहू नका.

रक्त चढवण्याबद्दल : दोघी चालत्या-फिरत्या असतील, छातीत दुखत नसेल, बसल्या जागी धाप लागत नसेल, तर या आकड्यांना सहसा त्याची गरज पडत नाही. आईंच्या वयात, हळूहळू आलेल्या ॲनिमियात घाईने रक्त दिलं तर हृदयावर ताण येऊन दम लागू शकतो. आणि एक पिशवी चढवली तरी पाळी तशीच, बी-१२ तसंच. गोळ्या अजिबात सोसत नसतील किंवा रक्तस्राव फार असेल तर पत्नींना शिरेतून लोहाचं इंजेक्शन हा पर्याय आहे, ते डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, बसल्या बसल्या दम लागला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर मात्र कुणाच्या उत्तराची वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

आतापर्यंतचं एवढंच, की पत्नींना लोह आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, आईंना बी-१२ ची तपासणी आणि फिजिशियन, दोघींची बाटली बंद. आता तुमचं.

तुम्ही ४४ वर्षांचे, हिमोग्लोबिन १२.१. बायकोपेक्षा जास्त म्हणून तुम्हाला ते चांगलं वाटलं. पण पुरुषाची रेषा १३ वर आहे. पुरुषाला पाळी नसते, म्हणजे लोह जायला रोजचा मार्ग नाही. त्यामुळे पुरुषात, आणि पाळी गेलेल्या बाईतही, लोह कमी सापडलं की पोटात-आतड्यात कुठे रक्त झिरपतंय का हे शोधावंच लागतं. तुमच्याच मजकुरात, पत्नींबद्दल लिहिताना मध्येच एक वाक्य आलंय : ‘मी रात्रपाळी करतो, कंबर धरते म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जातो’. ही वेदनाशामक गोळी रोज, त्यातही उपाशीपोटी घेतली तर जठरात जखम होऊ शकते, आणि ती न दुखता थेंब थेंब रक्त गाळत राहते. मूळव्याध असू शकते. क्वचित आतड्याचा कॅन्सरही अशाच साध्या ॲनिमियाने पहिल्यांदा कळतो. किंवा यातलं काहीच नसेल, शिबिरातला आकडाच चुकलेला असेल. हे मला इथून सांगता येणार नाही.

म्हणून या आठवड्यात शिरेतून रक्त देऊन पूर्ण सीबीसी आणि फेरिटिन करा, सोबत शौचातून छुपं रक्त जातं का याची तपासणी. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळीने येणारा काळेपणा वेगळा, आणि तुम्ही तर लोह घेतच नाही. फेरिटिन कमी निघालं तर पत्नींच्या गोळ्या आपणही घेऊन आकडा वाढवू नका. आकडा वाढेल, पण रक्त कुठून जातंय ते तसंच राहील. शौचाची तपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर दुर्बिणीतून जठर आणि मोठं आतडं बघायला सांगतील, ते टाळू नका. कंबरेसाठी कोणती गोळी किती दिवसांपासून घेताय, ते पाकीट खिशात ठेवून डॉक्टरांकडे जा. नाव आठवत नाही म्हणून बरेच जण ‘साधी पेनकिलर’ एवढंच सांगतात.